नळ आला, सांडपाणीही आलं

जलजीवन मिशनच्या हिशेबाने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळायला हवं. घरात पाच माणसं असली तर झाले २७५ लिटर. पिण्यात आणि स्वयंपाकात त्यातलं थोडंच जातं. अंघोळ, धुणं, भांडी उरकून दोनशे लिटरच्या आसपास पाणी मोरीतून पुन्हा बाहेर पडतं. डोक्यावर हंडे वाहायचे तेव्हा भांडी विसळलेलं पाणीही वाया जात नव्हतं, ते परसातल्या केळीला मिळायचं. घरात नळ आल्यावर तेवढी काटकसर कोण करणार? योजनेच्या उद्घाटनाला नारळ फुटतो तो नळापाशी, मोरीच्या मागच्या बाजूला कोणी फिरकत नाही.

मग हे पाणी रस्त्यावर येतं, तक्रारी होतात आणि ग्रामपंचायत सिमेंटची उघडी गटारं बांधते. गावात विकास दिसायला लागतो तो बहुतेकदा असाच. पण सपाट गावात गटाराला पुरेसा उतार मिळत नाही. त्यात पालापाचोळा, गुटख्याच्या पुड्या, कुरकुऱ्यांची पाकिटं अडकतात आणि पाणी तुंबतं. जिथे उतार असतो तिथे ते गावाच्या खालच्या अंगाला जाऊन साचतं. तिथली घरं कोणाची असतात, हे गावाला सांगावं लागत नाही.

अशा साबणाच्या, खरकट्याच्या, कुजक्या पाण्यावर क्युलेक्स जातीचे डास पोसले जातात. मादी पाण्याच्या पृष्ठभागावर शंभर ते तीनशे अंड्यांचा तरंगता पुंजका सोडते. अंड्यांतून अळ्या बाहेर येतात, त्यांचे कोष होतात आणि उष्ण हवामानात साधारण आठ-दहा दिवसांत डास उडायला लागतात. रात्री कानाशी गुणगुणणारे बहुतेक डास हेच. हत्तीरोगाचे जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेण्याचं कामही तेच करतात. पूर्व विदर्भाला हा रोग चांगलाच ठाऊक आहे.

क्युलेक्स सहज अर्धा-एक किलोमीटर उडू शकतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. गल्लीतल्या एकोणीस घरांनी खड्डा खणून सांडपाणी जमिनीत जिरवलं आणि विसाव्या घरामागे डबकं राहिलं, तर त्या एका डबक्यातून निघणारे डास विसाही घरांना पुरून उरतात. ज्याने पदरचे पैसे घालून खड्डा खणला त्यालाही डास चावतो, ज्याने नाही खणला त्यालाही. त्यामुळे कोणी एकट्याने पुढाकार घेतला की शेजारी त्याला हसतात, आणि त्यांचं हसणं हिशेबाला धरूनच असतं!

नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने हा हिशेबच बदलला. तिथे घराघराला शोषखड्डा झाला आणि सांडपाणी उघड्यावर वाहायचं थांबलं. हा खड्डा पुढे ‘मॅजिक पिट’ या नावाने गाजला आणि रोजगार हमी योजनेच्या पैशातून जिल्ह्यातल्या इतर गावांतही खणला गेला. खड्डा खणायला कोणालाही जमेल. टेंभुर्णीचं वेगळेपण एवढंच की तिथे एकही घर सुटू दिलं नाही.

खड्ड्याची रचना सोपी आहे. सुमारे चार फूट लांब, रुंद आणि खोल खणायचं, मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी ठेवायची आणि भोवती दगड-विटांचे तुकडे भरायचे. पाणी टाकीत पडतं, भोकांतून दगडांत जातं आणि तिथून मातीत झिरपतं. दगडांवर आणि भोवतीच्या मातीच्या कणांवर जिवाणूंचा पातळ थर धरतो. ते पाण्यातली खरकटी घाण खातात, तर माती बारीक कण आणि बरेचसे जंतू अडवून धरते. वर झाकण असल्यामुळे मादीला अंडी घालायला उघडं पाणी सापडत नाही. मात्र नायट्रेटसारखे विरघळलेले क्षार मातीत अडत नाहीत. म्हणून विहीर किंवा हातपंप जवळ असेल तर हा खड्डा तिथे घेऊ नये. संडासचं पाणी तर यात कधीच सोडायचं नाही.

काळ्या मातीत हा खड्डा हमखास फसतो. काळी माती भिजली की फुगते, तिच्यातल्या फटी मिटतात आणि पाणी खाली जात नाही. ती ओलांडून मुरमापर्यंत खणावं लागतं. आधी फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरून पाहावा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच उभं असेल तर अजून खाली जायला हवं, हे उघड आहे.

शोषखड्डे झाले की कमानीवर ‘डासमुक्त गाव’ अशी पाटी लावायचा मोह होतो. ती पाटी मला पटत नाही. डेंग्यूचा एडिस डास गटारात वाढत नाही. त्याला स्वच्छ साठवलेलं पाणी लागतं: रांजण, हौद, फ्रिजमागचा ट्रे, उकिरड्यावरचा टायर, करवंटी, चहाचा प्लास्टिक कप. म्हणजे इथे डासाचा प्रश्न कचऱ्याचाही होतो. मादी अंडी चिकटवते पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला. ती कोरडी पडली तरी काही महिने टिकतात आणि पाणी वर आलं की फुटतात. म्हणून पाण्याची भांडी रिकामी करायचा ‘कोरडा दिवस’ पाळताना रांजण नुसता पालथा करून भागत नाही, आतून घासावा लागतो, तोही दर आठवड्याला. नळाला पाणी चार दिवसांआड येत असेल तर रांजण रिकामा करायला कोणी धजावत नाही. तिथे घट्ट झाकण किंवा अळ्या खाणारे गप्पी मासे एवढेच उपाय उरतात.

संडासाचं गणितही फार वेगळं नाही. ओडिशातल्या शंभर गावांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४मध्ये आले. ज्या गावांत संडास बांधायची मोहीम राबवली, तिथे संडास असलेल्या घरांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेलं होतं. तरी लहान मुलांची हगवण कमी झाली नाही. बरीच घरं संडासाविना राहिली होती, आणि जिथे संडास होते तिथेही सगळी माणसं ते वापरत नव्हती. जंताची अंडी ओल्या सावलीच्या मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात आणि मुलं अनवाणी खेळतात सगळ्या गावभर.

खड्डा खणला म्हणजे काम संपलं असंही नाही. केस, भाताची शितं, साबणाचा साका अडवायला खड्ड्याआधी जाळीचं छोटं चेंबर हवं आणि ते आठ-पंधरा दिवसांनी उपसायला हवं. ते काम घरातल्या बाईच्याच गळ्यात पडतं, पण खड्ड्याची जागा ठरवताना तिला सहसा कोणी विचारत नाही. चेंबर उपसलं नाही तर तेलकट साका दगडांपर्यंत पोचतो आणि खड्डा तुंबतो. मग दगड काढून, धुऊन, वाळवून पुन्हा भरावे लागतात. ही कामं उन्हाळ्यात काढलेली बरी. पावसाळ्यात भूजल वर आलेलं असतं, आणि खड्ड्यातलं पाणी मोरीचं की जमिनीतलं, हेच कळत नाही.