हार्मोनच्या गाठींचा माग काढणारे पेप्टाइड

सोलापूरच्या उन्हाळ्यात चेहरा एकाएकी लालबुंद झाला की दोष उन्हाला दिला जातो, आणि जुलाब हटत नसतील तर जेवणातल्या तिखटाला. बहुधा कारण तितकेच साधे असते. परंतु ही दोन्ही लक्षणे महिनोन्महिने एकत्र राहिली, तर क्वचित त्यामागे आतड्यातील न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे हार्मोन स्रवणारी गाठ असते. मूळ गाठ कित्येकदा जेमतेम सेंटिमीटरभर असल्याने सीटी स्कॅनमधून निसटते. तिच्यातून निघणाऱ्या सेरोटोनिन या हार्मोनला यकृतच परस्पर निष्प्रभ करत असल्यामुळे, लक्षणे दिसू लागतात तेव्हा गाठ बहुधा यकृतापर्यंत पसरलेली असते.

अशा बहुतेक गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या हार्मोनचे ग्राही, म्हणजेच रिसेप्टर, दाटीने असतात. १४ अमिनो आम्लांचे हे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, शास्त्रज्ञ रॉजे गिलमँ यांच्या प्रयोगशाळेने १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. रक्तात ते काही मिनिटांतच मोडते, म्हणून ८ अमिनो आम्लांचे टिकाऊ पर्याय घडवण्यात आले. त्यांपैकी एकाला डोटा या रेणूच्या साह्याने किरणोत्सारी गॅलियम-६८ जोडले की डोटाटेट तयार होते. शिरेतून दिल्यावर ते ग्राहींना चिकटते, पेशी ते आत ओढून घेते आणि साधारण तासाभराने काढलेल्या पेट-सीटीत, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य शरीरात कुठे साठले ते दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, गाठ उजळून दिसते. प्लीहा, मूत्रपिंडे आणि पीयूषिका ग्रंथी मात्र निरोगी माणसातही उजळतात, त्यामुळे अहवालातला प्रत्येक ठिपका पाहून घाबरू नये.

गॅलियम-६८ चा अर्धायुकाल, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, ६८ मिनिटे आहे. पुणे ते सोलापूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर गाडीने साडेचार तासांत कापले, तर निघतानाच्या किरणोत्साराचा जेमतेम सोळावा हिस्सा उरेल. म्हणून गॅलियम दूरवर पाठवण्याऐवजी, २७१ दिवस अर्धायुकाल असलेल्या आणि क्षय होताना गॅलियम-६८ बनवणाऱ्या जर्मेनियम-६८ चे जनरेटर नावाचे उपकरण रुग्णालयातच ठेवतात आणि त्यातून लागेल तेव्हा गॅलियम काढून घेतात.

‘पेट केला, काही निघाले नाही’ असे सांगणाऱ्या रुग्णाला मी आवर्जून विचारेन की तो कोणता पेट होता, कारण नेहमीचा पेट एफडीजी या ग्लुकोजसदृश किरणोत्सारी द्रव्याने होतो आणि सावकाश वाढणाऱ्या या गाठी ग्लुकोज फारसे खात नाहीत. उलट, झपाट्याने वाढणाऱ्या गाठींवर ग्राही कमी उरतात आणि तिथे एफडीजीच उपयोगी पडते.

गाठ डोटाटेटने ठळक उजळली, तर त्याच पेप्टाइडला ल्युटेशियम-१७७ जोडून उपचारही करता येतात; त्याच्या बीटा कणांचा मारा ऊतीत जास्तीत जास्त सुमारे दोन मिलिमीटरपर्यंतच पोहोचतो.