लग दाबायचा कशाने: हाताने की मशीनने?

लग म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा, त्याच्या नळीत वायर शिरते. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत विजेचे पॅनल बांधणाऱ्या वर्कशॉपमध्ये हा प्रश्न निघतोच. त्याचं उत्तर मशीनच्या किमतीत शोधण्याआधी दाबाखाली काय घडतं ते बघावं.

लगच्या नळीत तांब्याच्या तारा घालून नीट दाबल्या की धातू सरकतो, तारांवरचा ऑक्साइडचा पातळ थर फुटतो आणि कोरं तांबं तांब्याला भिडतं. फटी बुजल्यामुळे हवा, ओल आत शिरत नाही. दाब कमी पडला तर फटी राहतात, तिथे पुन्हा ऑक्साइड चढतं, रोध वाढतो, सांधा तापतो आणि तापल्यामुळे आणखी बिघडतो. दाब जास्त झाला तर तारा चिरडतात.

बिघाडाचं मूळ पुष्कळदा सोलण्यातच असतं. २.५ चौ. मिमी.च्या फ्लेक्झिबल वायरमध्ये साधारण ०.३ मिमी जाडीच्या ३६ तारा असतात. सोलताना ४ तुटल्या की ११ टक्के तांबं गेलं. नुसती खाच पडलेली तार जास्त धोक्याची, कारण ती तेव्हा दिसत नाही आणि पुढे मोटरच्या कंपनाने तुटते. म्हणून स्ट्रिपरचं त्याच मापाचं भोक वापरा. वायर नळीपेक्षा सुमारे १ मिमी जास्त सोला, म्हणजे तारांची टोकं पलीकडून डोकावतील आणि इन्सुलेशन तारांच्या नळीत शिरणार नाही. टोकाला सोल्डर मात्र लावू नका. दाबाखाली ते हळूहळू सरकतं आणि सांधा सैल होतो.

हाताचं टूल घ्यायचं तर रॅचेटचंच घ्या, पूर्ण दाब बसल्याशिवाय ते उघडत नाही. पण जबड्याच्या चुकीच्या खाचेत लग धरला तरीही ते निमूट उघडतं! इन्सुलेटेड लगांचे रंग ध्यानात ठेवा: लाल ०.५ ते १.५, निळा १.५ ते २.५, पिवळा ४ ते ६ चौ. मिमी.

मशीनचा खरा फायदा वेगाइतकाच सातत्याचा आहे. मात्र सेटिंग चुकलं तर लगांचा अख्खा रीळ त्याच चुकीने दाबला जातो. वायरची कंपनी बदलली की इन्सुलेशनची जाडी बदलते आणि मशीनची सोलण्याची पाती पुन्हा लावावी लागतात. दर नव्या रिळानंतर पहिल्या नगांची दाबलेली उंची टोकदार मायक्रोमीटरने मोजायलाच हवी. एकाच मापाची शेकडो टोकं असतील, जसं हार्नेसचं (एकत्र बांधलेल्या वायरींच्या जुडग्याचं) काम, तर मशीन घ्यावं. पॅनलमध्ये माप सारखं बदलतं, तिथे रॅचेट बरं. फेरूलची (तारांच्या टोकावर चढवायच्या छोट्या नळीची) टोकं खूप असतील तर सोलणं आणि दाबणं एका दमात करणारं हवेवरचं टेबल-मशीन सोयीचं पडतं.

कशानेही दाबा, नमुने ओढून बघा. आयईसी ६०३५२-२ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १.५ चौ. मिमी.ला १५० न्यूटन, म्हणजे सुमारे १५ किलो, आणि २.५ला २३० न्यूटन ताण सोसला पाहिजे. झटका न देता सरळ रेषेत ओढा. वायर अख्खी निसटली तर दाब कमी होता. कमी ताणातच नळीच्या तोंडाशी तुटली तर दाब जास्त झाला किंवा सोलताना खाच पडली. ओढलेला नमुना पॅनलमध्ये परत लावू नका.