स्टुडिओ मुंबई

स्टुडिओ मुंबई : वास्तुरचना, फर्निचर आणि प्रदर्शनांसाठीच्या मोठ्या रचना अशा तिन्ही प्रकारचे काम करणारी मुंबईतील कार्यशाळा. वास्तुविशारद बिजॉय जैन (जन्म १९६५) हे तिचे संस्थापक. एरवी वास्तुविशारद आराखडा काढतो, ठेकेदार तो वाचतो आणि सुतार-गवंडी हुकमाप्रमाणे हात चालवतात. येथे सुतार, गवंडी आणि वास्तुविशारद एकाच छपराखाली बसतात आणि घराचा विचार लाकडात, मातीत, दगडात करून पाहतात. या संस्थेचे खरे नावीन्य तिच्या इमारतींच्या रूपापेक्षा कामाच्या या पद्धतीत आहे.

जैन यांचे पदव्युत्तर शिक्षण अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात झाले (१९९०). अमेरिकन वास्तुविशारद रिचर्ड मायर यांच्या लॉस एंजेलिस येथील कार्यालयात व पुढे लंडनमध्ये काम करून ते १९९५ मध्ये भारतात परतले. सुरुवातीची बरीच वर्षे काम अलिबाग परिसरात चालले. पुढे मुंबईत सात रस्ता भागातील जुन्या गोदामांच्या जागेत निवास व कार्यशाळा उभी राहिली.

कामाची रीत : एखादा जिना, खिडकी किंवा दाराचा सांधा ठरवायचा असेल, तर त्याचा नमुना खऱ्या मापात उभा केला जातो. तो हाताळून, त्याच्यावर चढून, उन्हात ठेवून पाहिला जातो. पटला नाही तर मोडून पुन्हा रचला जातो. प्लायवुडच्या फळ्यांवर रंगीत चिकटपट्ट्या लावून भिंती-दारांच्या रेषा आखल्या जातात, कारण पट्टी उचलून दुसरीकडे लावता येते. सुतारही वह्यांमध्ये स्वतःची रेखाटने करतात. सुतार हा शब्द ‘सूत्रधार’वरून आला, हातात सूत धरणारा तोच मापाचा मालक. आधुनिक बांधकामाने त्याच्या हातातील हे सूत काढून घेतले होते. ते परत त्याच्या हाती देणे ही या कार्यशाळेची सर्वांत मोठी कामगिरी मानावी लागेल.

पामायरा हाउस (२००७) : रायगड जिल्ह्यात नांदगाव येथे समुद्रासमोरच्या नारळाच्या वाडीत हे घर आहे. दोन लांबट, दुमजली लाकडी भाग समोरासमोर उभे असून मध्ये मोकळी जागा व पाण्याचा तलाव आहे. सांगाडा ऐनाच्या लाकडाचा. सांधे खाचा पाडून एकमेकांत अडकवलेले. जोते आणि फरसबंदी काळ्या पाषाणाची. भिंतींच्या जागी बहुतांशी झिलमिली आहे आणि तिच्या पट्ट्या ताडाच्या खोडाच्या आहेत. ताडाचा गाभा मऊ, भुसभुशीत असतो, पण बाहेरचे कवच कठीण आणि चिवट. त्या कवचातून हाताने पट्ट्या काढून त्या ओळीने बसवल्या आहेत. समुद्रावरचा वारा त्यांतून आरपार जातो, दुपारचे ऊन मात्र चिरफाळून, नरम होऊन आत उतरते. रात्री दिवे लागले की आतला उजेड फटींतून वाडीत झिरपतो. जागेवरच्या विहिरींचे पाणी उंचावरच्या टाकीत चढवून तेथून उताराने घरात आणले आहे, तर झाडांना ते दगडी पाटांतून मिळते. वाडीला पाटाने पाणी देणे ही कोकणातील रोजची गोष्ट. येथे तीच घराच्या रचनेचा भाग झाली. २०१० च्या आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीत या घराची निवड झाली होती.

पाण्याचा हा विचार इतर घरांतही आहे. काशीद येथील तारा हाउसमध्ये अंगणाखाली दगडी पाणसाठा दडलेला आहे, त्यात जमिनीतले पाणी झिरपून येते. चोंढी येथील कॉपर हाउस – २ आमराईत आहे. तेथे विहीर खणताना निघालेली माती घराची जमीन उंच करण्यासाठी वापरली गेली. वरच्या मजल्याला तांब्याच्या पत्र्याचे आवरण आहे. कोकणातल्या पावसात तांब्याचा रंग पालटत जातो.

फर्निचर : खुर्च्या, बाके, दिवाण व दिवे हे कार्यशाळेतील स्वतंत्र काम आहे, घरे सजवण्यासाठी केलेली पुरवणी नव्हे. चौकटी सडसडीत असतात, विणकाम व सांधे उघडे ठेवलेले असतात. घराच्या खांबाला लावलेली शिस्तच खुर्चीच्या पायालाही लावलेली दिसते.

या कामावरचा एक आक्षेप रास्त आहे. गाजलेल्या घरांपैकी अनेक सधन मंडळींची आहेत. स्थानिक साहित्य आणि कारागिरांचे कौशल्य असूनही, ज्यांच्या परिसरातून ते उचलले त्या गावकऱ्याला असे घर परवडणारे नाही. कोकणात कुडाची आणि चिऱ्याची घरे पाडून सिमेंटची घरे उठत असताना हा विरोधाभास जास्तच बोचतो. अर्थात कार्यशाळेची नजर गरिबाच्या घराकडे वळली नाही असे म्हणता येणार नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात २०१० मध्ये तिने मांडलेली रचना मुंबईत दोन इमारतींमधल्या चिंचोळ्या जागेत वसलेल्या घरावर आधारलेली होती. त्याच वर्षी व्हेनिसला दर दोन वर्षांनी भरणाऱ्या वास्तुकला प्रदर्शनात कार्यशाळाच मांडण्यात आली आणि तिची परीक्षकांनी विशेष नोंद घेतली. जैन यांना पुढे वास्तुकलेसाठी फिनलंडमध्ये दिले जाणारे आल्व्हार आल्टो पदकही (२०२०) मिळाले.

एमपॅव्हिलियन (२०१६) : मेलबर्नमधील क्वीन व्हिक्टोरिया उद्यानात त्या काळी दरवर्षी उभारल्या जाणाऱ्या मंडपमालिकेतील तिसरा मंडप स्टुडिओ मुंबईकडे आला. सुमारे १७ मीटर लांबी-रुंदीचा हा चौरस मांडव. त्यासाठी ७ किलोमीटर बांबू, २६ किलोमीटर दोर, ५,००० लाकडी खुंट्या आणि ५० टन दगड लागला. बांबू दोरांनी बांधलेले होते आणि छताच्या तट्ट्या विणण्यासाठी कारवीच्या काठ्या वापरल्या होत्या. सात-आठ वर्षांतून एकदा फुलणाऱ्या कारवीला सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ओळख करून द्यावी लागत नाही. काठ्या उभ्या विणून, शेण-मातीने लिंपून केलेला कूड आजही डोंगरातल्या वाड्या-पाड्यांवर दिसतो. मेलबर्नमध्ये कारवीला लिंपण नव्हते. छताच्या मधोमध आकाश उघडे ठेवले होते आणि प्रवेशाजवळ ताजियाच्या धर्तीवरचा नक्षीदार मनोरा होता. कोणीही यावे, सावलीला बसावे, गाणे-व्याख्यान ऐकावे यासाठीच तो मांडव होता. मोसम संपल्यावर तो शहराच्या प्राणिसंग्रहालयात हलवण्यात आला.

पॅरिसच्या कार्तिए कला प्रतिष्ठानात डिसेंबर २०२३ ते एप्रिल २०२४ या काळात जैन यांचे मोठे प्रदर्शन झाले. दगड व भाजक्या मातीची शिल्पे, बांबूच्या रचना, पारंपरिक घरांच्या दर्शनी भागांचे नमुने त्यात होते. शिवाय रंगात बुडवलेला दोरा ताणून, झटका देऊन उमटवलेल्या रेषाही होत्या. फळी चिरण्यापूर्वी सुतार सूत मारतो, तशाच.