मातीतले माइट: रंगावरून रोमांपर्यंत

मिरगाचा पहिला पाऊस झाला की कोल्हापूरच्या माळांवर मखमली लाल किडे फिरू लागतात आणि पोरं ते काडेपेटीत भरून आणतात. नाव 'मिरगाचा किडा', पण पाय मोजले तर आठ. म्हणजे हा कीटक नव्हे, कोळ्याच्या नात्यातला माइट. मातीतल्या माइटांपैकी नुसत्या डोळ्यांना सहज दिसणारा बहुधा हा एवढाच. बाकीचे बहुतेक अर्ध्या मिलिमीटरच्या आगेमागे. याच मिरगाच्या किड्याच्या पिल्लाला पाय मात्र सहा असतात, आणि ते दुसऱ्या कीटकांच्या अंगावर चिकटून वाढतं. आईबापाशी त्याचं काही साम्यच दिसत नाही. माइटांच्या वर्गीकरणाचा अर्धा इतिहास या एका अडचणीभोवती फिरला आहे.

लिनियसने 1758 मध्ये बहुतेक सगळे माइट 'अकॅरस' या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये, म्हणजे अनेक जातींच्या गटात) घातले. पुढे जर्मनीत कोख यांनी 1835 ते 1844 दरम्यान शेकडो जाती रंगीत चित्रांसह मांडल्या. चित्रं देखणी, पण पाठीकडून काढलेली, आणि भर रंगावर. रंग अल्कोहोलमध्ये टिकत नाही. शिवाय पिल्लाला एक नाव आणि प्रौढाला दुसरं, असा गोंधळ त्या काळात सर्रास झाला. 'हायपोपस' ही तर चक्क एक स्वतंत्र प्रजाती मानली गेली होती. ती दुसऱ्या माइटांची, कीटकांवर बसून प्रवास करणारी मधली अवस्था निघाली. नाव आता अवस्थेपुरतं उरलं आहे. पॅरिस परिसरातल्या माइटांवर काम करणाऱ्या निकोले यांनी 1855 मध्ये आणि ब्रिटनमध्ये मायकल यांनी 1880 च्या दशकात पिल्लं आणि प्रौढ यांच्या जोड्या जुळवल्या. मायकल तर माइट पाळून त्यांची वाढ बघत.

आज ओरिबॅटिड गटात, म्हणजे कडक कवचाच्या मातीतल्या माइटांत, हे काम सोपं आहे. पोटावरच्या जननपट्टिकांखालच्या पॅपिलांच्या (बारीक उंचवट्यांच्या) जोड्या मोजायच्या: अळीत, म्हणजे सहा पायांच्या पिल्लात, एकही नाही, पुढच्या तीन अवस्थांत अनुक्रमे एक, दोन, तीन. प्रौढातही बहुधा तीनच, पण त्याचं कवच कडक आणि तपकिरी असतं. फिकट, सुरकुतलेला माइट हाती आला की आधी पॅपिला बघाव्यात, मगच किल्ली (लक्षणांवरून जात ओळखायचा तक्ता) उघडावी. किल्ल्या प्रौढांसाठी लिहिलेल्या असतात.

माइट मातीतून बाहेर काढायची सोय इटलीत बर्लेसे यांनी 1905 मध्ये केली: नरसाळं, वर चाळणी, भोवती गरम पाण्याचं आवरण. 1918 मध्ये स्वीडनच्या टुल्ग्रेन यांनी पाण्याच्या जागी विजेचा दिवा लावला. वरून माती सुकत जाते तसे जीव खाली सरकतात आणि बाटलीतल्या 70 ते 80 टक्के अल्कोहोलमध्ये पडतात. पंचगंगेकाठच्या काळ्या रानात हे तंत्र जरा हट्टीपणा करतं. उसाला नुकतं पाणी दिलं असेल तर माती लोण्यासारखी असते, माइटांची वाट बुजते. वापसा आल्यावरच नमुना घ्यावा. 5 सेंटिमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच खोलीचा गोळा पुरतो. तो चाळणीवर उलटा ठेवायचा, पृष्ठभाग खाली, कारण भोकं आणि भेगा वरच्या थरात जास्त असतात आणि बाहेर पडायची वाट तीच. पहिल्याच दिवशी 60 वॅटचा दिवा लावला तर ढेकूळ बाहेरून भाजतं आणि आतले माइट तिथेच मरतात. 15 वॅटपासून सुरुवात करून चार-पाच दिवसांत 40 पर्यंत जावं. पाचटाखालचा थर वेगळ्या नरसाळ्यात घ्यावा. पन्हाळ्याकडच्या जांभ्याच्या मातीत चिकटपणा कमी, पण खडे सुटून बाटलीत पडतात. चाळणीवर पातळ कापड टाकलं तर मोठे माइटही अडकतात, म्हणून ते टाळलेलं बरं.

ओळखीचा खरा पाया घातला फ्रान्सच्या ग्रांजाँ यांनी, आणि ते मुळात खनिजशास्त्रज्ञ. द्रवस्फटिकांवर त्यांचं मोठं काम होतं. ध्रुवित प्रकाशाचं सूक्ष्मदर्शक त्यांच्या हातातलंच. ते त्यांनी माइटांवर लावलं. 1930 च्या दशकात दिसलं असं की काही माइटांचे रोम (अंगावरचे केस) काळ्या पार्श्वभूमीवर चकाकतात आणि काहींचे अजिबात नाही. ओरिबॅटिड आणि मिरगाच्या किड्याचा प्रोस्टिगमाटा गट चकाकतो, मेसोस्टिगमाटा हा तिसरा गट नाही. बेसॉल्टचे पातळ छेद ज्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, तेच इथेही चालतं.

त्यांची दुसरी देणगी अधिक कामाची. माइट कायम चिकटवून टाकायचा नाही. खड्ड्याच्या काचपट्टीवर लॅक्टिक आम्लाचा थेंब, अर्धा खड्डा झाकेल अशी काच, आणि माइट तिच्या कडेखाली. काच सुईने हलकेच सरकवली की माइट लोळतो: पाठ, कूस, पोट, सगळं बघून होतं. गडद ओरिबॅटिड थंड आम्लात पारदर्शक व्हायला आठवडे घेतो. 50 अंशांच्या आसपास ठेवला तर काही दिवसांत होतो. जास्त ठेवला तर पट्टिका सुट्या होतात आणि रोम गळतात.

गळलेल्या रोमांमुळेच चुका होतात. पाठीवर 10 जोड्या असाव्यात आणि सातच दिसल्या तर नवी जात सापडली असं नाही. रोमाखालची गोल खाच शिल्लक राहते; मोजायची ती. ओरिबॅटिडच्या पुढच्या भागावर दोन पेल्यांतून निघणारा सेन्सिलस हा सगळ्यात उपयोगी अवयव: कुणाचा गदेसारखा, कुणाचा केसासारखा, कुणाचा कंगव्यासारखा. तो सहज मोडतो, म्हणून माइट चिमट्याने धरू नये. बारीक तारेच्या फासाने उचलावा. त्यानंतर पाठीवरची सच्छिद्र क्षेत्रं (पूर्ण संच आठांचा, म्हणजे चार जोड्यांचा), बाजूचे पंखासारखे पदर, पायाची नखं एक की तीन.

मेसोस्टिगमाटात श्वसनरंध्रं पायांच्या तळाजवळ, कुशीला असतात आणि तिथून पुढे जाणारी नळीसारखी खाच हीच पहिली खूण. या गटाच्या पाठीवरच्या रोमांना j, z, s, r अशा ओळींची नावं देण्याची जी पद्धत आज चालते, ती लिंडक्विस्ट आणि इव्हान्स यांनी 1965 मध्ये बसवली. त्याआधीच्या लेखांत आकडे आणि अक्षरं वेगळी आहेत. जुनं वर्णन नव्या नावांत उतरवून घेतल्याशिवाय तुलना करू नये.

मेसोस्टिगमाटा मात्र काचपट्टीवर हॉयरच्या माध्यमात, म्हणजे डिंकाच्या द्रावात, कायमचे बसवतात: पाणी 50 मिलिलिटर, बाभूळ-जातीचा डिंक 30 ग्रॅम, क्लोरल हायड्रेट 200 ग्रॅम, ग्लिसरीन 20 मिलिलिटर. मिश्रण हवेतला ओलावा ओढतं. कोल्हापूरच्या जुलैत कडा सील न केलेली काचपट्टी आठवड्यात घसरू लागते. 45 ते 50 अंशांवर एक-दोन आठवडे सुकवून मगच कडेला वार्निश फिरवावं. घाई केली तर आत बुडबुडे धरतात.

भारतातल्या ओरिबॅटिडची सुरुवातीची वर्णनं 1906 मध्ये सिक्कीम हिमालयातून पिअर्स यांनी केली. पुढचं बरंचसं काम कोलकाता आणि कालिकतकडे झालं. सह्याद्रीच्या या बाजूचा माइट युरोपीय किल्लीत घातला तर तो कुठल्या तरी जातीत जाऊन बसतोच, आणि नेमका तिथेच फसवतो. प्रजातीपाशी थांबणं अशा वेळी जास्त खरं. 'शेलोरिबॅटिस' ही ओरिबॅटिड प्रजाती एवढं नक्की झालं तरी शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्याच्या कामाचं आहे: मोनिएझिया या पट्टकृमीची अंडी ओरिबॅटिड माइट खातात आणि गवताबरोबर ते माइट जनावराच्या पोटात जातात, हे स्टंकार्ड यांनी 1937 मध्ये 'गॅलुम्ना' या ओरिबॅटिड प्रजातीवर दाखवलं, आणि पुढे शेलोरिबॅटिसही त्या यादीत आला.