घर घेताना भिंतीतली ओल कोण तपासतं?

रिसेलचा फ्लॅट घेताना वकील टायटल बघतो, बँकेचा माणूस व्हॅल्युएशन करून जातो, वास्तुवाला दिशा बघतो, पण भिंतीत पाणी मुरतंय का हे कोणीच तपासत नाही आणि आपण ताजा रंग बघून टोकन देऊन मोकळे होतो. माझं स्पष्ट मत आहे, मुंबई, ठाणे, कोकण, गोवा या दमट पट्ट्यात तरी विक्रीआधी ओल आणि बुरशीची तपासणी सक्तीची पाहिजे.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतातच, त्यांना फक्त पाणी लागतं, आणि ते पाणी गळतीतूनच यायला पाहिजे असं अजिबात नाही. आर्द्रता ७० टक्के म्हणजे त्या तापमानाला हवेत जेवढी वाफ मावते तिच्या ७० टक्के. हवा गार झाली की मावण्याची मर्यादा खाली येते, वाफ मात्र तेवढीच राहते, म्हणून टक्का चढतो. आता समजा हॉल २८ अंशांवर आहे, आर्द्रता ७०, आणि पलीकडच्या बेडरूममध्ये रात्रभर एसी चालल्यामुळे मधली भिंत २५ अंशांवर आली, तर भिंतीला चिकटलेल्या हवेत आर्द्रता होते साधारण ८३ टक्के! भिंत २२ वर गेली तर १०० टक्के, म्हणजे गार पाण्याच्या ग्लासावर येतं तसं दव. बऱ्याच बुरशींना पृष्ठभागापाशी ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता टिकून राहिली की पुरतं. त्यात भिंतीला कपाट टेकवलेलं असेल तर मागे हवा खेळत नाही, ओलावा तिथेच कोंडतो, म्हणून हॉलमधलं आर्द्रतेचं मीटर ७० दाखवत असतं आणि कपाटामागे काळे ठिपके वाढत असतात.

अशा डागांना वास्तुदोष म्हणून यंत्र, पिरॅमिड विकणारे आहेत, त्यांना एक रुपया देऊ नका, बाष्प दिशा बघत नाही. दुसऱ्या टोकाला ‘टॉक्सिक ब्लॅक मोल्ड’ची, म्हणजे विषारी काळ्या बुरशीची भीती. १९९० च्या दशकात अमेरिकेत क्लीव्हलंडमध्ये तान्ह्या मुलांच्या फुफ्फुसातल्या रक्तस्रावाचा संबंध काळ्या बुरशीशी लावला गेला, पण २००० साली सीडीसीने (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) फेरतपासणी करून तो सिद्ध होत नाही असं सांगितलं. म्हणून बुरशी निरुपद्रवी ठरत नाही हं, ओलसर घर आणि दमा, खोकला यांचा संबंध डब्ल्यूएचओच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत नीट मांडलाय. पण हवेतले बीजाणू मोजायच्या टेस्टवर पैसे घालवू नका, खिडकी उघडली की आकडा बदलतो आणि सुरक्षित मर्यादा म्हणून सर्वमान्य आकडाच नाही.

तपासायचं ते पाणी. बाथरूमच्या मागची भिंत, वरच्या मजल्याच्या संक स्लॅबखालचं (बाथरूमच्या पाइपांसाठी खाली घेतलेला स्लॅब) छत, खिडकीच्या कडा, पश्चिमेची बाहेरची भिंत, सगळीकडे मॉइश्चर मीटर (भिंतीतला ओलावा मोजणारं यंत्र) लावायचं, कपाटं हलवून मागे बघायचं. रेराच्या (घरबांधणी क्षेत्राचं नियमन करणाऱ्या) कायद्यात बांधकामातल्या दोषांसाठी बिल्डरची जबाबदारी ताब्यापासून ५ वर्षं असते, जुन्या रिसेल फ्लॅटला ती उरत नाही, म्हणून मीटरचं रीडिंग तारखेसकट विक्री करारालाच जोडलेलं पाहिजे, आणि शक्यतो ते जुलै-ऑगस्टमधलं घ्यावं, मे महिन्यात बऱ्याच गळक्या भिंतीसुद्धा कोरड्या लागतात.