‘स्पायरल जेटी’ आणि अस्पर्श निसर्गाचा गैरसमज

अमेरिकेतील युटा राज्यात, ग्रेट सॉल्ट लेकच्या उत्तर भागात, रॉबर्ट स्मिथसन यांनी १९७० साली साकारलेल्या ‘स्पायरल जेटी’ या दगडमातीच्या वेटोळ्याकार कलाकृतीविषयी वारंवार सांगितले जाते की, कलादालनांना विटलेल्या कलावंताने माणसाचा हात न लागलेल्या निसर्गाला वाहिलेले हे अर्घ्य आहे. हे खरे नाही.

ही कलाकृती जेथे आहे ती रोझेल पॉइंट ही जागा मुळात अस्पर्श नव्हतीच. तेथे खनिज तेल काढण्याचे प्रयत्न पूर्वीच फसले होते, त्यांची मोडकी सामग्री किनाऱ्यावर पडून होती आणि स्मिथसन यांना जागा भावली ती या पडझडीसकट. सुमारे ४६० मीटर लांबीचे वेटोळेही डंपर आणि लोडर लावून, सहा हजारांहून अधिक टन काळा बेसॉल्ट व माती पाण्यात लोटूनच तयार झाले.

रंगाची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. काळ्या दगडांवर चढलेला मिठाचा पांढरा थर आणि भोवतीचे लालसर पाणी छायाचित्रांत भुरळ घालते. ही लाली खारटपणात तगणाऱ्या सूक्ष्मजीवांची असते, इतके बरोबर. मात्र १९५९ साली पूर्ण झालेल्या रेल्वेच्या दगडी भरावाने सरोवर दुभागले, गोडे पाणी आणणाऱ्या मोठ्या नद्या दक्षिणेकडे राहिल्या आणि उत्तरेचे पाणी इतके खारट झाले की तेथे प्रामुख्याने हेच जीव फोफावले. ज्याला निसर्गाची किमया म्हणून मिरवले जाते, त्यात रेल्वेचा वाटा मोठा आहे.

२००५ साली तेलउद्योगाचा बराचसा राडारोडा तेथून हटवण्यात आला, त्यामुळे आज जाणाऱ्याला किनारा निर्मळ भासतो आणि जुना गैरसमज आणखी पक्का होतो.