विषाणूतलं विष

करोनाच्या साथीत ‘व्हायरस’ हा शब्द घराघरांत पोहोचला, पण त्याचं वय दोन हजार वर्षांहून जास्त आहे. प्राचीन रोममध्ये त्याचा उच्चार ‘वीरुस’ असा होता. अर्थ विष, किंवा नकोसा, उग्र, बुळबुळीत द्रव. कवी व्हर्जिल सापाच्या विषाला ‘वीरुस’ म्हणतो, तर ल्युक्रेशियस समुद्राच्या पाण्यातल्या कडवटपणाला.

मला थक्क करतो तो सेल्सस. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या वैद्यकावरच्या ग्रंथात तो सांगतो, की पिसाळलेला कुत्रा चावला तर तुंबडी लावून त्याचा ‘वीरुस’ ओढून काढावा. त्याच्या मनात विषच होतं. तरीही आज आपण ज्याला व्हायरस म्हणतो, त्याच्यामुळे होणाऱ्या रोगाशी हा शब्द तेव्हाच जोडला गेला होता.

हे नाम द्रवाचं, म्हणून अभिजात लॅटिन साहित्यात त्याचं अनेकवचन सापडत नाही. विष मोजायचं कसं?

द्रवाची ही कल्पना थेट प्रयोगशाळेपर्यंत टिकली. तंबाखूच्या पानांवर ठिपके पाडणारा एक रोग आहे. तो झालेल्या पानांचा रस रशियन शास्त्रज्ञ इवानोव्स्की यांनी चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. जिवाणू अडकतील इतकी ती गाळणी बारीक होती. तरी गाळलेला रस निरोगी रोपाला लावल्यावर रोग झालाच. हे 1892 मधलं. 1898 मध्ये डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी तोच अनुभव घेतला आणि हे कारण म्हणजे ‘जिवंत, संसर्गजन्य द्रव’ आहे असं मांडून त्याला ‘व्हायरस’ म्हटलं. शब्दाच्या मूळ अर्थाशी ते प्रामाणिक होते, पण निसर्ग वेगळा निघाला. 1935 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ स्टॅन्ली यांनी या विषाणूचे स्फटिक मिळवले, आणि 1939 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कण दिसले: सुमारे 300 नॅनोमीटर लांब, 18 नॅनोमीटर जाड काड्या. द्रव नव्हे, मोजता येणारे कण!

मराठीत आपण ‘विषाणू’ म्हणतो. यातलं संस्कृत ‘विष’ आणि लॅटिन ‘वीरुस’ एकाच मूळ शब्दातून आले आहेत. लॅटिनमध्ये दोन स्वरांमधल्या ‘स’चा ‘र’ झाला, संस्कृतात तो ‘ष’ झाला. त्यापुढचा ‘अणू’ मात्र लॅटिनकडे नाही. तो कण आपल्या शब्दातच बसलेला आहे.